व्हेरोनाचं व्हाउचर

बी. कॉम. झालेल्या माणसाने प्रेमकथांच्या वाटेला जाऊ नये, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो मराठी घेऊन एम. ए. झालेल्या लोकांनी पसरवला असावा, असा मला दाट संशय आहे. वास्तविक प्रेम काय आणि द्विनोंदी पद्धत काय, दोन्हींचं मूलतत्त्व एकच. इकडे काही घेतलं की ते तिकडे कुणाच्या तरी नावे पडतंच. शिवाय वीस-बावीस वर्षं बँकेत काढल्यामुळे मला एक सवय जडली आहे. कुठलीही नोंद समोर आली की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "व्हाउचर कुठाय?" घरी हिने "भाजी शंभर रुपये" असं नुसतं म्हटलं तरी निघतं. मग त्या दिवशी भाजी मिळत नाही, तो भाग वेगळा.

तर अशा माणसाच्या हाती रोमिओ-ज्युलिएटचं खातं लागलं.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. व्हेरोना नावाचं गाव, दोन घराणी, पिढीजात वैर. एका घरचा मुलगा, दुसऱ्या घरची मुलगी. चोरून लग्न, मग मारामारी, मुलाला गावाबाहेर घालवणं, मुलीने मेल्याचं सोंग आणणारं औषध घेणं, निरोप न पोचणं आणि शेवटी थडग्यात दोघांचाही अंत. ज्यांनी शेक्सपिअर वाचला नाही त्यांनी १९८८ सालचा 'कयामत से कयामत तक' पाहिलेला असतो, त्यामुळे काही अडत नाही. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातच नारायण बापूजी कानिटकरांनी या जोडप्याचं 'शशिकला आणि रत्नपाळ' असं बारसं करून त्यांना मराठी रंगभूमीवर आणलं होतं. पुढे मंगेश पाडगावकरांनीही या नाटकाचा अनुवाद केला. म्हणजे खातं जुनं, उलाढाल मोठी, शाखा जगभर. फक्त के. वाय. सी. कुणी केलेलं नाही.

सुरुवात पत्त्यापासून केली. व्हेरोनात व्हिया कापेल्लो नावाचा रस्ता आहे. त्यावरचं तेवीस नंबरचं घर म्हणजे ज्युलिएटचं माहेर, असं दाखवतात. घर खरोखरीच जुनं आहे, मध्ययुगातलं. मध्यंतरी तिथे खानावळ चालायची, घोडे बांधायचे. आतल्या कमानीवर दगडात एक टोपी कोरलेली आहे, कारण घर 'दाल कापेल्लो' नावाच्या कुटुंबाचं होतं, आणि कापेल्लो म्हणजे टोपी. ज्युलिएटच्या घराण्याचं इटालियन नाव कापेलेत्ती. म्हणजे टोप्यांचं घर सापडलं, तेव्हा टोपीवाल्यांची मुलगी इथेच राहत असणार, असा हा हिशेब. उद्या एखाद्या टोप्यांच्या वाड्यावर टोपीवाल्यांच्या मुलीच्या नावाची पाटी लावावी, तसा प्रकार. एकंदरीत टोपी घालण्याच्या कलेत व्हेरोनाकर आपल्यापेक्षा मागे नाहीत.

त्या घराला ती सुप्रसिद्ध बाल्कनी आहे. जगभरचे लोक खाली उभे राहून वर बघतात. ही बाल्कनी विसाव्या शतकातली आहे! १९३६ साली हॉलिवुडचा 'रोमिओ अँड ज्युलिएट' पडद्यावर आला, प्रवासी बाल्कनी विचारत येऊ लागले आणि घराला तर बाल्कनीच नाही. तेव्हा गावच्या संग्रहालयांचे प्रमुख आन्तोनिओ आवेना यांनी घराच्या डागडुजीत जुने कोरीव दगड वापरून ती बसवून टाकली. आपल्याकडे लोक बाल्कनी बंद करून खोली काढतात आणि महापालिका ती पाडायला येते. महापालिकेच्याच माणसाने दुसऱ्याच्या प्रेमासाठी बाल्कनी बांधून दिल्याचं हे उदाहरण मला फार आवडतं.

बरं, शेक्सपिअरच्या नाटकात बाल्कनी हा शब्दच नाही. ज्युलिएट वर कुठेतरी खिडकीशी आहे, एवढंच. तिला बाल्कनीत आणून उभी केली ती टॉमस ऑट्वे या नाटककाराने १६७९ साली, आणि तीही ज्युलिएट म्हणून नव्हे. त्याने हेच नाटक उचलून प्राचीन रोममध्ये नेलं होतं, नावं बदलली होती. ते नाटक लोक विसरले, बाल्कनी तेवढी राहिली. फर्निचर विकायला काढलं की स्टूलच तेवढं टिकतं, तसं.

मग मृत्यूचा दाखला. बँकेत माणूस मेला हे सिद्ध करणं तो जिवंत आहे हे सिद्ध करण्यापेक्षा किंचित सोपं असतं. व्हेरोनात एका जुन्या मठाच्या तळघरात लाल संगमरवरी दगडाची एक उघडी पेटी आहे. तीच ज्युलिएटची कबर. पेटी रिकामी. १८१६ साली कवी बायरन तिथे गेला आणि लेकीसाठी व भाच्यांसाठी तिचे तुकडे घेऊन आला. नेपोलियनची दुसरी बायको मारी लुईज हिने त्या दगडाचे दागिने करवले. १८४४ साली डिकन्स गेला, त्याला ती पाण्याच्या हौदासारखी वाटली. कबरीतला माणूस कधी नव्हताच, पण कबरच हप्त्याहप्त्याने लंपास होत होती.

या कबरीच्या राखणदाराबद्दल मात्र मला व्यावसायिक आदर आहे. एत्तोरे सोलिमानी त्याचं नाव. १९३० नंतरच्या दशकात लोक ज्युलिएटच्या नावाने चिठ्ठ्या ठेवून जाऊ लागले, पत्रं पाठवू लागले, आणि हा गृहस्थ ज्युलिएटचा चिटणीस म्हणून त्यांना उत्तरं लिहू लागला. पुढे गावातल्या स्वयंसेवकांनी ते काम अंगावर घेतलं आणि अजूनही चालवलं आहे. पत्ता 'ज्युलिएट, व्हेरोना' एवढा असला तरी पुरतो. आमच्याकडे पिनकोडचा एक आकडा चुकला तर चेकबुक परत येतं. आणि इथे खातेदार अस्तित्वात नसताना पत्रव्यवहार अद्ययावत!

हे वाचल्यावर मी प्रथम हसलो. मग काउंटरवरची एक मुलगी आठवली. दोघं आली होती, जॉइंट अकाउंट काढायला. आडनावं वेगळी, गाव एकच. फॉर्म भरून झाल्यावर तिने हळूच विचारलं, "काका, स्टेटमेंट घरी येतं का हो पोस्टाने?" एवढ्या एका प्रश्नात सगळा पहिला अंक येऊन गेला. मुलगा म्हणाला, "म्हणजे तसं काही नाही, पण आमच्या दोन घरांत बोलणं नाहीये. विहिरीवरनं." मी 'स्टेटमेंट पोस्टाने नको' या चौकटीत खूण कशी करायची ते दाखवलं. नियमात बसणारं तेवढंच होतं. शेक्सपिअरच्या नाटकात हे काम फ्रायर लॉरेन्स हा पाद्री करतो, पण त्याने औषधबिषध द्यायच्या भानगडीत पडायला नको होतं. बरं, औषध दिलं ते दिलं, निरोप तरी पोच घेऊन पाठवावा! ज्या साधूकडे पत्र दिलं तो प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला गेला आणि पत्र तसंच परत आलं. २०२० सालापूर्वी मला ही शेक्सपिअरची पळवाट वाटायची. आता वाटत नाही.

पत्ता झाला, दाखला झाला, राहिली नावं. मोंतेक्की आणि कापेलेत्ती ही नावं जोडीने सापडतात ती दान्तेच्या महाकाव्यात, शुद्धिलोकाच्या सहाव्या सर्गात. दान्ते स्वतः गावकीच्या राजकारणात १३०२ साली फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेला. इटलीची काय दशा झाली आहे ती ये आणि बघ, असं तो बादशहाला बजावतो आणि घराण्यांची नावं घेतो. त्यात ही दोन. फक्त मोंतेक्की व्हेरोनाचे, आणि दान्तेचे भाष्यकार सांगतात की कापेलेत्ती क्रेमोनाचे. मध्ये सरळ रेषेत ऐंशी-एक किलोमीटर. एक पक्ष बादशहाचा, दुसरा पोपचा. आता वैर म्हटलं की ते शेजारच्याशीच असावं लागतं. ऐंशी किलोमीटरवरच्या माणसाशी भांडायला रोज कोण जाणार? तेराव्या शतकात एस. टी. नव्हती. म्हणजे ज्या दोन घरांच्या भिंतीला भिंत लागली असं आपण धरून चालतो, ती घरं एका गावातही नव्हती. रोमिओचा उल्लेख दान्तेत नाही, ज्युलिएटचा नाही, लग्नाचा तर नाहीच नाही.

तरीसुद्धा जिरोलामो देल्ला कोर्ते नावाच्या व्हेरोनाच्या इतिहासकाराने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही सबंध हकिकत १३०३ सालात घडलेली म्हणून आपल्या गावच्या इतिहासात बेधडक नोंदवून टाकली. ऑडिटर येण्याच्या आदल्या रात्री मागच्या तारखेने नोंदी करणारे लोक मी पाहिले आहेत, पण पावणेतीनशेच्या वर वर्षं मागे जाणारा हाच पहिला.

आता खरी कथा कुणाची? १४७६ साली मासुच्चो या साले‍र्नोच्या लेखकाचा गोष्टींचा संग्रह छापला गेला. त्यात सिएना गावच्या मारियोत्तो आणि जानोत्सा या जोडप्याची गोष्ट आहे. चोरून लग्न आहे, साधू आहे, खुनापायी हद्दपारी आहे, गुंगीचं औषध आहे, न पोचलेला निरोप आहे. सगळं सामान आहे. एकच गोष्ट नाही. वैर नाही! दोन्ही घरांचं एकमेकांशी काही भांडण नाही.

मी इथे थबकलो. ताळेबंद जुळत नसला की आम्ही फरकाची रक्कम शोधतो. इथे फरक होता तो वैराचा. रोमिओ-ज्युलिएटमधून वैर काढलं तर उरतं काय? पळून गेलेलं एक जोडपं. मग ही रक्कम जमा केली कुणी?

जमा केली लुईजी दा पोर्तो याने. विचेन्झाचा सरदार, जन्म १४८५. व्हेनिसच्या सैन्यात हलक्या घोडदळाचा अधिकारी. त्याने ही कथा व्हेरोनात नेली, रोमिओ आणि ज्युलिएटा ही नावं दिली, दान्तेची दोन घराणी एकमेकांसमोर उभी केली. पुढचे सगळे त्याचेच लाभार्थी. १५५४ साली बांदेल्लोने ती पुन्हा लिहिली, तिथून ती फ्रेंचमध्ये गेली, १५६२ साली आर्थर ब्रूकने इंग्रजीत तिचं लांबलचक काव्य केलं, आणि प्रस्तावनेत आईबापांचं न ऐकणाऱ्या मुलांचं असंच व्हायचं, असं सुनावून ठेवलं. १५९५च्या सुमारास शेक्सपिअरने ब्रूकचं ऐकून न घेता फक्त गोष्ट घेतली. ब्रूकच्या काव्यात प्रकरण नऊ महिने चालतं, शेक्सपिअरने ते चार-पाच दिवसांत उरकलं. आणि दर आवृत्तीत मुलीचं वय कमी होत गेलं, ही एक गंमतच. दा पोर्तोची ज्युलिएटा अठरा वर्षांची, ब्रूकची सोळा, शेक्सपिअरची पुरती चौदाचीही नाही. आमच्या सिनेमांत नटीचं वय याच चालीने उतरतं.

दा पोर्तोच्या गोष्टीत ज्युलिएटा मरते कशी? खंजीर नाही, विष नाही. ती श्वास कोंडून धरते आणि मरते. आमच्या शाखेतल्या योगवर्गात तीस सेकंदांवर कुणी गेलेलं नाही. मी आमच्या सौ.ला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हसू नका. श्वास कोंडून जगतात बायका, मग मरता येणार नाही कशावरून?" मी तो विषय तिथेच बंद केला.

तर प्रश्न असा की या घोडेस्वाराच्या डोक्यात वैर कुठून आलं? त्यासाठी दान्ते नको, व्हेरोनाही नको. त्यासाठी उदिनेला जायला हवं, इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, फ्रिउली प्रांतात.

२७ फेब्रुवारी १५११, गुरुवार. ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवास सुरू व्हायच्या आधी खाण्यापिण्याचा, सोंगं काढण्याचा एक गुरुवार असतो. आपल्याकडची श्रावणाआधीची गटारी समजा. त्या वेळी फ्रिउलीत दोन तट होते. एकाचा पुढारी आन्तोनिओ सावोर्न्यान, व्हेनिसचा माणूस, शेतकऱ्यांचा लाडका. दुसऱ्या तटात गढ्या राखून असलेले सरदार, त्यांत देल्ला तोर्रे घराणं प्रमुख. सावोर्न्यानच्या लोकांनी त्या दिवशी उदिनेत या सरदारांची घरं लुटली, जाळली, आणि हाताला लागतील तेवढे सरदार आणि त्यांची माणसं भर रस्त्यात तोडली. मग मारेकऱ्यांनी मेलेल्यांचे भरजरी कपडे अंगावर चढवले आणि सण पुढे चालू केला. तो गुरुवार तिकडे अजूनही 'क्रूर गुरुवार' म्हणून ओळखला जातो. महिना गेला नाही तोच, २६ मार्चला, मोठा भूकंप झाला. पाठोपाठ साथ आली. लोक म्हणाले, फळ मिळालं.

तेवढ्यावर मिटलं नाही. वैर कधी तेवढ्यावर मिटतच नाही. बाहेरचे शत्रू मारून झाल्यावर सावोर्न्यानांत आपल्या परिचयाची भाऊबंदकी सुरू झाली. आन्तोनिओ व्हेनिस सोडून बादशहाला मिळाला, त्याचा चुलतभाऊ जिरोलामो व्हेनिसशीच राहिला. १५१२च्या मे महिन्यात, आल्प्सपलीकडे फिलाख गावी, जुन्या वैऱ्यांनी आन्तोनिओला गाठून मारलं.

दा पोर्तो या सगळ्याच्या मधोमध होता. त्याची आई सावोर्न्यान घराण्यातली. १५११ साली तो स्वतः आपल्या तुकडीसह फ्रिउलीत होता. त्याने युद्धाबद्दल लिहिलेली पत्रं पुढे प्रसिद्ध झाली, पाहणारा माणूस होता. आणि त्याच घराण्यात लुचिना सावोर्न्यान नावाची एक तरुण मुलगी होती, नात्यातली. सेसिल क्लफ या इंग्रज इतिहासकाराने मांडलं आहे की दा पोर्तोचा जीव तिच्यावर जडला होता आणि कथेतलं दुखणं हे त्याचं स्वतःचं दुखणं आहे. याला रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेली पावती नाही, हा तर्क आहे. पण कागद कसे लागतात ते पाहा.

त्याच वर्षी जूनमध्ये, म्हणजे त्या गुरुवारनंतर चार महिन्यांच्या आत, नदीकाठच्या एका चकमकीत दा पोर्तोच्या मानेत भाला घुसला. वय पंचवीस. जगला, पण अंगाची एक बाजू लुळी पडली. घोडा गेला, नोकरी गेली. आमच्याकडे अशा माणसाला वैद्यकीय कारणास्तव स्वेच्छानिवृत्ती देतात आणि निरोपसमारंभात छत्री देतात. तो विचेन्झाजवळच्या मोन्तोर्सो गावी आपल्या घरी येऊन पडला. तिथून समोरच्या टेकडीवर मोंतेक्कियो गावचे दोन जुने किल्ले दिसतात, एकमेकांकडे तोंड करून उभे. पहिल्या घराण्याचं नाव त्याला रोज खिडकीतून दिसत होतं. आज त्या किल्ल्यांना रोमिओचा आणि ज्युलिएटचा म्हणतात, एकात हॉटेलही निघालं आहे. लुचिनाचं लग्न झालं. नवरा फ्रान्चेस्को, सावोर्न्यान घराण्यातलाच.

आणि लुळा पडलेला घोडेस्वार एक गोष्ट लिहायला बसला. त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं की गोष्ट माझी नाही. फ्रिउलीच्या निर्जन रस्त्यावरून घोड्यावरून जाताना पेरेग्रिनो नावाच्या व्हेरोनाच्या एका तिरंदाजाने सांगितली. तरुण मालक खिन्न दिसला म्हणून त्याचं मन रमवायला सांगितली. आपलं दुखणं दुसऱ्याच्या नावावर टाकायची ही युक्ती काउंटरवर रोज दिसते. "माझ्या एका मित्राचा प्रॉब्लेम आहे" म्हणून सुरुवात करणाऱ्यांना मी आता "मित्राचं पासबुक आणलंय का?" एवढंच विचारतो.

उदिनेच्या रस्त्यावर कपडे उतरवलेली माणसं त्याच्या पिढीने पाहिली होती. ती नावं लिहिणं शक्य नव्हतं, मारणारे नात्यातले होते आणि मेलेल्यांचे पोरगे तलवारी घेऊन हिंडत होते. म्हणून त्याने दोनशे वर्षांपूर्वी मेलेली दोन नावं दान्तेतून काढली. त्यांच्यावर कुणी दावा लावणार नव्हतं. व्हेरोनाचं वैर खोटं, पण ते ज्या खात्यातून वळतं केलं ते खातं खरं होतं.

दा पोर्तो १५२९च्या मे महिन्यात वारला. गोष्ट त्याच्या मागून, साधारण १५३० साली व्हेनिसमध्ये छापली गेली. छोटंसं पुस्तक. मी त्याच्या पहिल्या आवृत्तीची माहिती काढली, सवयीने आधी सही कुठे आहे ते शोधलं. लेखकाचं नाव कुठेच छापलेलं नव्हतं. आत अर्पणपत्रिका होती. तिच्यात एकच नाव होतं, लुचिना सावोर्न्यान.